आमच्याकडं नागली गुरं खातात

मु. सापगाव, ता. शहापूर
ता. ६ ऑगस्ट १९३८

विहीणबाई सकुबाई यांना धोंडीबाईचा रामराम. अक्षर शाळेच्या मास्तरांचं हाय, पन बोल माझे हायत. तुमच्या घरात वाचता येनारे एक जावईबापू, तवा कान्हा, तुमी हे आईसमोर बसून मोठ्यानं वाचा. मधलं काय गाळायचं नाय.

मास्तर बोलतात, आधी खुशाली विचारायची रीत हाय. विचारा मंग. तुमी खुशाल असाल. आमची पारू खुशाल नाय.

पंचमीला तुमी तिला दोन दिवस धाडलीत, लय उपकार झाले. उंबऱ्यात पाय ठेवला तवाच मला दिसलं. ओठ पांढरे. पाय सुजलेले, तोडे घोट्यात रुतलेले. पाचवा महिना हाय पोरीला आन् अर्धी घागर उचलायची तर मधे दोनदा टेकली. चुलीमागची माती नखानं खरवडून खात होती, मी हात धरला तर बोलली, आई, चव लागते. मातीची चव लागते! मागच्या साली तिचं पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं तवा तुमी चार बायांत बोललात, माहेरचं अंगच नाजूक. मी ऐकून घेतलं. आता ऐकून घेनार नाय. नाजूक कोन? ही पोर लग्नाआधी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन डोंगर उतरायची.

काय खायला घालता गो तुमी तिला? मी पारूला विचारलं, सकाळी काय? भात. दुपारी? भात. राती? भात. गिरणीचा, पांढराफेक. वरची पेज म्हशीला, कोंडा कोंबड्यांना, आन् माझ्या पोरीला राहिला चोथा. तुमची म्हैस काय तकाकली असंल! तुमचे मालक देवजी जंगलच्या ठेकेदाराकडं मुकादम लागले, पैका आला, तर तुमी ओटीसमोरचं उखळसुद्धा उपटून काढलंत म्हनं. मुकादमाच्या घरी मुसळाचा आवाज नको. वा!

पंचमीला आमी तवा ठेवत नाय, म्हणून दुसऱ्या दिवशी मी नागलीची भाकर थापली, टाकळ्याची भाजी केली, लसूण ठेचून. तुमचा भाऊ लडकू तिला आनायला-न्यायला गाडी घेऊन आलेला, तो समोर ओटीवर बसला होता. पारूनं भाकरीकडं बघितलं, मंग लडकूकडं बघितलं, आन् ताट सरकवलं. बोलली, "आई, हे आमच्याकडं कोनी खात नाय." आमच्याकडं! मी तोंड उघडलं तर तिचा बाप माझ्यावर खेकसला, पाहुण्यासमोर गप बस. मी बसले. त्याचाच राग आता मास्तरांच्या लेखनीतून निघतोय, मास्तरांचा हात दुखू दे.

ही पोर नागलीवर वाढली, विहीणबाई. नागली, वरी, कुळीथ, टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला. गोड लागत नाय हे मला नका सांगू. टाकळा मलाबी कधी गोड लागला नाय. नागली घशाला घासते, तेबी मला ठाऊक हाय. घासू दे. घासली म्हणून आमी इतकी वर्सं उभे हाव.

दोनातलं एक करा. पोरीला माझ्याकडं धाडा, बाळंत होईस्तोवर मी बघते. नाय तर तिथं तिला नागली घाला. सातवा महिना जवळ येतोय, मला झोप नाय.

धोंडीबाई


मु. सापगाव
ता. ४ सप्टेंबर १९३८

सकुबाई,

रामराम नाय लिवत. मास्तर बोलले लिवा, मी बोलले नाय.

पत्राला उत्तर नाय दिलंत. बरं. मुकादमाच्या बायकोला वेळ नसंल. गौरी बसल्या, गौरी गेल्या, मी वाट बघितली. मंग आमच्या गावचा नवशा सुकी मासळी घेऊन किन्हवलीवरून तुमच्या सरळगावच्या बाजाराला निघाला, त्याच्या गाडीत मी गठुडं दिलं. जात्यावर मी स्वतः दळलेलं नागलीचं पीठ. शेवग्याचा पाला सावलीत सुकवून चुरलेला. कुळीथ. हातसडीचा तांदूळ, लाल, कोंड्यासकट. दळताना माझे खांदे भरून आले, पन बोलले, जाऊ दे, नातवासाठी हाय.

नवशा परत आला तर माझ्याकडं बघेना. मी बोलले, काय रे, दिलंस ना? तर बोलला, "दिलं, काकी. पन मी बैलांना पानी दाखवून परत तुमच्या विहिणीच्या दारावरून आलो, तवा म्हैस घमेलं चाटत होती. नागलीचं पीठ होतं. आख्खं."

आख्खं!

कान्हा, आता आईच्या तोंडाकडं नका बघू, पुढं वाचा.

म्हशीला घातलंत? अगो, नको होतं तर परत धाडायचं होतं. शेजारी वाटायचं होतं. माझ्या पोरीच्या पोटात जायचं ते म्हशीच्या पोटात घातलंत, तेबी भर अंगनात, बाजारच्या दिवशी, माझ्या गावचा मानूस बघत असताना! मुकादमीन झालात म्हणून डोळ्यांवर कातडं ओढलंत काय? पोरगी पांढरी पडली ते दिसत नाय, म्हैस भुकेली ते बरं दिसतं तुमाला. लाज कशी नाय वाटली?

मास्तर बोलतात, धोंडीबाई, संबंध तुटंल. मी बोलले, पोर गेल्यावर संबंधाला काय चाटायचंय? लिवा. पोरीला काय झालं तर मी तुमच्या ओटीवर येऊन बसंन आन् सगळ्या सरळगावाला गोळा करून सांगंन की या बाईनं नागली म्हशीला घातली नि सुनेला माती.

पारूचा बाप बोलतो, असलं पत्र धाडू नको. मी त्याला विचारलं, का? तर उठून शेतावर गेला. दुपारची वेळ, शेतावर काय काम नाय. पन गेला.

धोंडीबाई


मु. सरळगाव, ता. मुरबाड
ता. ११ सप्टेंबर १९३८

सौ. धोंडीबाई यांस,

आई सांगते तसे लिहीत आहे. माझ्यावर राग धरू नये. — कान्हा.

विहीणबाई, तुमची दोनी पत्रं ऐकली. पहिल्याला उत्तर दिलं नाय, कारन मला वाटलं या बाईला ऊन लागलंय. दुसरं ऐकलं तवा तळपायाची आग मस्तकाला गेली. आता माझं ऐका.

तुमी लिवता, पारू नागलीवर वाढली. मास्तरांच्या हातानं लिवलंय, कान्हानं मला चार वेळा वाचून दाखवलंय. मंग पारूच्या बघनीच्या दिवशी तुमच्या घरात काय नाटक चाललं होतं?

आमी पाच मानसं तुमच्या ओटीवर बसलो होतो. आमच्या ह्यांनी सहज विचारलं, यंदा नागली कशी काय? बोलायला काय तरी पाहिजे म्हणून विचारलं. तवा पारूचे वडील मिशीवर हात फिरवून बोलले, "आमच्याकडं नागली गुरं खातात. मानसं तांदूळ खातात." आतून ताटं आली, त्यात पांढरा भात. मी तुमच्या भाताकडं बघितलं. माझ्या घरात त्या दिवशी नागलीच्या दोन कनग्या भरलेल्या होत्या. माझं बाळंतपन नागलीवर, माझा कान्हा नागलीवर. मुकादमी आली म्हणून काय जीभ बदलते? पन मनात आलं, या घरची पोर आपल्याकडं येनार, तिला आपन भाकर वाढली तर ती माहेरी जाऊन सांगंल, मुकादम नावाचा, खातो गुरांचं.

म्हणून मी गिरणीचा तांदूळ आनायला लावला. तुमच्या राजकन्येसाठी! उखळ मी उपटलं ते तिला कांडायला लागू नये म्हणून. दोन सालं झाली, मी आन् माझा नवरा गोठ्यामागं बसून नागली खातो. माझ्या घरात मी चोरून खाते, विहीणबाई. सून पाण्याला गेली की तवा ठेवते, ती यायच्या आत धुवून टांगते. कान्हाला भाकरीचे चार घास फडक्यात गुंडाळून शेतावर देते. आन् तुमी मला लाज विचारता?

आता गठुड्याचं. तुमचं गठुडं आलं तवा मला वाटलं, सुटलो बाबा, माहेरनंच नागली आली, आता उघड खाऊ. मी ते पारूच्या हातात दिलं. बोलले, बाय, आईनं धाडलंय, कर भाकरी. तिनं पीठ बघितलं, ओटीवर माझी नणंद बसली होती तिच्याकडं बघितलं, आन् बोलली, "आईनं म्हशीसाठी धाडलं असंल. आमच्याकडं हे गुरांना घालतात." आन् आपल्या हातानं घमेल्यात ओतलं. मी नाय ओतलं. तुमच्या लेकीनं ओतलं. विचारा तिला.

पोर पांढरी पडली ते मला दिसत नाय असं लिवलंत. माझा पहिला नातू मी या हातांनी पुरला. परत असलं लिवू नका.

सकुबाई


मु. सापगाव
ता. १७ सप्टेंबर १९३८

विहीणबाई,

पत्र मास्तरांनी वाचलं. अर्ध्यात त्यांना हसू आलं, मी असं बघितलं की हसू गिळलं.

बघनीच्या दिवशी मी आत चुलीपाशी होते. फोडनी तडतडत होती. बाहेर कोन काय बोललं मला ऐकू आलं नाय. तांदूळ मी रांधला, तो मला रांधायला सांगितला म्हणून. त्यापुढं मला काय विचारू नका.

पारूच्या बापाला विचारलं. पत्र त्याच्यासमोर वाचायला लावलं. तो बोलला, बघनीत सगळेच बोलतात, कोन खरं बोलतो? मुकादमाचं घर, पोरगी हातची जाऊ नये म्हणून बोललो. मी बोलले, मंग पोरगी गेली ना आता हातची? तर परत शेतावर. या मानसाला शेत नसतं तर कुठं पळाला असता कोन जाने.

तुमाला मी नाय नाय ते बोलले. तुमीबी मला बोललात. फिटलं. पन एक विचारते, तुमी तरी एका बाप्याच्या फुशारकीवर उखळ कशाला उपटलंत? दोन सालं गोठ्यामागं बसून खाल्लंत, एकदा तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? राहू दे. मला राग येतोय आन् तो कुनावर काढू ते कळत नाय, म्हणून तुमच्यावरच निघतोय.

कान्हा, आता पारूला बोलवा आन् पुढचं तिला वाचून दाखवा.

पारू, ऐक. मी दळलेलं पीठ तू म्हशीला घातलंस. हातात आली असतीस तर थोबाडात दिली असती, दिवस गेलेली हायस म्हणून नाय. तुझ्या सासूनं नागली वाढली की मुकाट्यानं खायची. सगळ्यांसमोर. कोन बघतंय ते बघायचं नाय. घशाला घासली तर पानी पी. मी तुझं एकबी कारन ऐकनार नाय.

आन् मी येते. तिकडं येऊन तुझ्या समोर बसते. विहीणबाई, माझ्या जेवनाखान्याची काळजी नको, रीत मला ठाऊक हाय. नातवंडाचं तोंड बघितल्याबिगर मी लेकीच्या घरचं पानी पिनार नाय. माझा तांब्या नि माझी शिदोरी मी घेऊन येते, रांधायचं झालं तर शेजारी रांधीन.

धोंडीबाई


मु. सरळगाव, ता. मुरबाड
ता. २८ सप्टेंबर १९३८

पारूच्या बापास,

जावईबापू लिवतायत. पाकिटावर तुमचं नाव त्यांनीच घातलं, मी घेनार नाय, तेवढी रीत अजून पाळते. बाकीची मोडली. कशी ते ऐका.

मास्तर, तुमी हे त्यांना अंगनात वाचून दाखवा. शेतावर पळू देऊ नका.

इथं आल्यापास्नं रोज तेच. सकुबाई भाकर करते, आता उघड करते, धूर ओटीवर जातो. पारू ताटावर बसते, भाकर फिरवते, बोलते मळमळतं. भात दिला की खाते. पाय बघवत नाय. चालताना भिंत धरते. इथली सुईन बोलली, अशीच राहिली तर मागच्यासारखं होईल, आन् या वेळी पोरगीबी हाताला लागंल का नाय सांगता येत नाय. सकुबाईनं हे ऐकलं आन् पदर तोंडात कोंबला. मला तर रडूबी आलं नाय. नुसती आग झाली अंगाची.

काल मी पारूला बोलले, काय करू गो मी तुझ्यापुढं? तर बोलली, "तू खा, मंग मी खाते."

चलाख! तिला ठाऊक होतं मी इथं पानीबी पीत नाय. आमचा तांब्या वेगळा, माझी चूल शेजारच्या रंगूच्या ओसरीवर. तिला वाटलं, सुटले.

मी पाट ओढला नि बसले. सकुबाई बोलली, "नको गो विहीणबाई, नातवंडाच्या आधी नको, लोक काय बोलतील, वाईट असतं." ओटीवर तिची नणंद होती, रंगू होती, मुकादम होते. सगळे बघत राहिले. मी बोलले, वाढा. सकुबाईनं भाकर घातली, वर शेवग्याचा पाला. मी खाल्ली. आख्खी. वर त्यांच्या घागरीतलं पानी प्याले. मुकादमांनी मान खाली घातली.

पारूनं तुकडा मोडला. तोंडात घातला, चावला, आन् गिळेना. मंग भडाभडा रडायला लागली नि तुकडा हातावर काढला. मी ओरडले, आता काय? तर काय बोलली ते कान उघडे ठेवून ऐका.

बोलली, "आई, बाबांनी पाच मानसांत सांगितलंय. लग्न होऊन आले त्या दिवशी आत्यासासूनं विचारलं, काय गो, खरंच तुमच्याकडं नागली खात नाय? मी बोलले, नाय. दोन सालं मी तेच बोलते. आता खाल्ली तर बाबा खोटे पडतील. सासरे चावडीवर बसतात, सगळे बोलतील, व्याही लबाड निघाला. बाबांनी सांगू दे, मंग मी खाते."

कळलं? मळमळ नाय, चव नाय, नखरा नाय. तुमचा शब्द राखते पोर. माती खाईल, पन बापाला खोटं पडू देनार नाय. पहिलं पोर त्या शब्दापायी गेलं काय, देव जाने, मी नाय सांगू शकत. पन मिशीवर हात फिरवून बोललात तो शब्द मी आतून ऐकला होता. सकुबाईला ऐकू आलं नाय लिवलं, ते खोटं. चूल सोडून दारापर्यंत आले होते, हळू हाक मारली होती. तुमी बघितलं नाय. बघितलं होतं का?

मला वाटलं होतं सकुबाई मारते पोरीला. मंग वाटलं पोरगीच मरायला निघालीय. आता कळतंय हे सगळं कुठून सुटलं.

उठा नि या. भात कापायचा राहिला तर राहू दे. दिवसाउजेडी या, नागलीचं पोतं उघडं खांद्यावर घेऊन या, किन्हवलीच्या बाजारातून या. इथल्या ओटीवर उभे राहून एवढंच बोला, आमी नागली खातो. बाकी काय नको. मुकादम काय तुमाला खाऊन टाकनार नाय, तेबी दोन सालं गोठ्यामागं बसले होते.

सातवा लागतोय.

पारूची आई


मु. सापगाव, ता. शहापूर
ता. ३ ऑक्टोबर १९३८

चि. कान्हा यास सासरा धाकलूचा आशीर्वाद. हे घरच्या मंडळींना वाचून दाखवावे.

पत्र पोचले. भात कापणीला आला आहे, मला येणे जमणार नाही. पाच माणसांत बोललेला शब्द मी मागे घेत नाही, घेतलेला नाही, घेणार नाही. व्याह्यांच्या ओटीवर उभे राहून नाक घासण्याची आमच्या घराण्याची रीत नाही. बायकांनी घरातल्या घरात पोरीची समजूत घालावी. नवशाबरोबर गिरणीचा चांगला तांदूळ पाठवीत आहे, तो तिला घालावा. पोरीला आवडते ते द्यावे.

तिची आई लेकीच्या घरी जेवली, हे सापगावात कोणाला कळू नये.

धाकलू


मु. सरळगाव, ता. मुरबाड
ता. ९ ऑक्टोबर १९३८

पारूच्या बापास,

हेबी जावईबापूच लिवतायत, मास्तरांनी तुमाला एकट्याला वाचून दाखवायचं. तुमचं पत्र पोचलं, तांदूळबी पोचला. पोतं ओटीच्या कोपऱ्यात हाय, तसंच बांधलेलं.

पत्र आलं तवा सगळे ओटीवर होते. मुकादम, सकुबाई, तिची नणंद, मी. पारूला भिंतीला टेकवून बसवली होती. कान्हानं पाकीट फोडलं. मनातल्या मनात वाचलं, घसा खाकरला. मी बोलले, वाचा की लवकर, काय मुहूर्त बघताय? मला हा पोरगा कायम मऊ वाटत आला, आईपुढं गप, माझ्यापुढं गप, तुमाला ठाऊक हाय मी त्याला काय काय बोलले ते.

तर त्यानं वाचलं ते असं.

"पारू, बघनीच्या दिवशी तुझा बाप खोटं बोलला. मुकादमाचं घर बघून जीभ घसरली. आपल्या घरात तिन्ही वेळा नागली शिजते. तू लहान असताना माझ्या ताटातली भाकर पळवून माळ्यावर जाऊन खायचीस. माझा तो शब्द मी पाच मानसांत मागं घेतो. व्याह्यांनी पोटात घालावं. तू नागली खा, पोरी. बापाला खाली मान घालायला लागली तर बाप घालंल."

मुकादम उठले, आत गेले, आन् नागलीच्या भाकरीचा तुकडा हातात घेऊन बाहेर आले, उभ्या उभ्या खायला लागले. ओटीवर! बाहेर रस्त्यावरनं लोक जात होते. सकुबाईची नणंद हसायला लागली, बोलली, अगो बाय, मग आपन सगळे गुरंच की. सकुबाई हसली. आन् पारू उठली, स्वतःच उठली, भिंत धरून चुलीपाशी गेली नि खाली बसली. भाकर मोडून खाल्ली. घशात अडकली, पानी प्याली, परत खाल्ली. तोंड वाकडं करून खाल्ली, रडत खाल्ली, पन गिळली. दुसरी मागितली.

मी काय केलं सांगू? मी पदर डोळ्याला लावला आन् सगळ्यांदेखत तुमची तारीफ केली. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. बोलले, मानूस वरून दगड हाय, पन पोरीसाठी पाझरला. सकुबाई बोलली, हो गो, मोठं मन लागतं त्याला.

संध्याकाळी कान्हानं मला गोठ्यामागं बोलवलं. बोलला, मामी, पत्रात तसं काय लिवलेलं नाय, माळ्यावरचं पारूनंच मला कधी सांगितलेलं. मंग तुमी खरं काय लिवलंय ते त्यानं मला हळू आवाजात वाचून दाखवलं.

मी मटकन खाली बसले. शेणात बसले, ते मागाहून कळलं. नाक घासनार नाय म्हनं. पोरीला आवडते ते द्यावे म्हनं. आन् लेकीच्या घरी मी जेवले ते कुनाला कळू नये, ती तेवढी काळजी! मला वाटलं तसंच उठून सापगावला चालत यावं आन् तुमाला मास्तरांच्या शाळेत पोरांसमोर उभं करावं. कान्हाला बोलले, तुझ्या डोक्यात हे आलं तरी कसं? तर बोलला, "मामी, मी दोन महिने सगळ्यांचं जसंच्या तसं वाचत आलो. त्यानं काय बरं झालं?"

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मारायला उचलला होता, तो तसाच ठेवला.

आता तुमी ऐका. पारू रोज खातेय. नागली, शेवगा, हातसडीचा तांदूळ. उखळ परत रोवलंय, रंगू नि सकुबाई कांडतात. तोंड रोज वाकडं करते, रोज बोलते, कडू हाय, खरखरीत हाय. मी बोलते, हाय, खा. माती खायची थांबलीय. पाय अजून सुजलेले हायत, तोडे निघत नाय, सुईन अजून मान हलवते. काय होईल ते होईल, पन ती खातेय, आन् ती खातेय ती तुमच्या शब्दावर.

तुमचं पत्र तिनं कान्हाकडून मागून घेतलं. घडी घालून चोळीत ठेवलंय. वाचता येत नाय, पन काढून बघते, अक्षरांवरनं बोट फिरवते. मुकादमांना सहीपुरतं येतं. घरात वाचनारा एकच हाय, आन् तो माझ्या बाजूचा हाय.

तुमी बोललात ना, शब्द मागं घेत नाय? मंग हाबी घेऊ नका. हा शब्द तुमचा हाय. तुमच्या नावानं सगळ्या ओटीनं ऐकलाय. पारू बाळंत झाली की तुमाला नातवंड बघायला यावंच लागंल, तेव्हा शेत आडवं घालता येनार नाय. ती तुमाला विचारंल, बाबा, ते तुमी मनापासून लिवलंत ना? सगळे असतील. मुकादम असतील. मी असंन.

तेव्हा हो बोलायचं. बास. मिशीवर हात नेलात तर मी तो धरीन, व्याह्यांच्या ओटीवर, चार मानसांत.

पारूची आई